अंक काचेवर नसतात

मोटारीच्या सुट्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात सध्या ‘हेड-अप डिस्प्ले’ नावाची तळहाताएवढी पेटी स्वस्तात मिळते. ती डॅशबोर्डवर ठेवायची, तिची वायर गाडीला जोडायची आणि वेगाचे आकडे समोरच्या काचेत पाहायचे, एवढाच तिचा व्याप असतो. जाहिरातीत मात्र ‘लढाऊ विमानाचे तंत्रज्ञान आता तुमच्या गाडीत’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. त्यातला इतिहास बरोबर आहे. १९५८ साली प्रथम उडालेले ब्रिटनचे ब्लॅकबर्न बकनीअर हे अशी सोय असलेल्या सुरुवातीच्या विमानांपैकी एक. १९८८ मध्ये जनरल मोटर्सने ती ओल्ड्समोबिल कटलस सुप्रीम या मोटारीच्या एका खास आवृत्तीत बसवली, आणि भारतात २०२२च्या मारुती सुझुकी बलेनोमुळे ती बेताच्या किमतीच्या गाडीत आली. जाहिरातीचा गोंधळ प्रकाशशास्त्रात आहे, आणि तो बहुतेक ग्राहकांच्याही मनात असतो.

सिनेमाच्या पडद्यावर चित्र पडते तसे हे आकडे काचेवर पडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पारदर्शक काच पडद्याचे काम करू शकत नाही. ती येथे आरशाचे काम करते, आणि सपाट आरशातली प्रतिमा वस्तू जितकी पुढे असेल तितकीच आरशाच्या मागे दिसते, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. डॅशबोर्डवर आडवा ठेवलेला मोबाइल काचेपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर असेल, तर त्यावरचे आकडे काचेच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर, म्हणजे चालकाच्या डोळ्यांपासून साधारण ९० सेंटिमीटरवर असल्यासारखे दिसतात. रस्ता तर त्याच्या कितीतरी पुढे असतो.

हे अंतर महत्त्वाचे का, ते डोळ्याच्या बाजूने पाहावे लागते. दूरचा रस्ता पाहताना डोळ्याचा स्नायू सैल आणि भिंग चपटे असते. ७० सेंटिमीटरवरचा स्पीडोमीटर वाचण्यासाठी भिंगाला सुमारे १.४ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचे एकक) इतकी अधिक शक्ती आणावी लागते, ९० सेंटिमीटरवरच्या प्रतिमेसाठी १.१, आणि दोन मीटरवरच्या प्रतिमेसाठी फक्त ०.५. पन्नाशी ओलांडलेल्या चालकाच्या भिंगात एवढी लवचीकता उरलेली नसते, म्हणून त्याला रस्ता स्वच्छ आणि स्पीडोमीटर पुसट दिसतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, हे लक्षात घेतले की नजर जुळवण्यात गेलेला क्षण किती महाग पडतो ते कळते.

कंपनीने बसवलेल्या प्रणालीत म्हणूनच डॅशबोर्डच्या आत अंतर्वक्र आरसा असतो. वस्तू नाभीय अंतराच्या आत ठेवली की प्रतिमा आभासी, सुलटी आणि मोठी मिळते. उदाहरणार्थ, २५ सेंटिमीटर नाभीय अंतराच्या आरशासमोर २० सेंटिमीटरवर छोटा पडदा ठेवला, तर त्याची पाचपट मोठी प्रतिमा आरशामागे एक मीटरवर तयार होते. आरशापासून काचेकडे आणि तेथून डोळ्यांकडे येणारा मार्ग आणखी एक मीटरचा धरला, तर आकडे डोळ्यांपासून दोन मीटरवर, बॉनेटच्या वर तरंगताना दिसतात. लढाऊ विमानात तर भिंगांच्या साहाय्याने किरण समांतर करून प्रतिमा थेट अनंत अंतरावर नेलेली असते. स्वस्त पेटीत यांपैकी काहीच नसते. ती म्हणजे उजळ आकड्यांची एक पाटी असते.

आता खरी गंमत. रात्री उभ्या गाडीत मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून उलट्या अक्षरांत आकडे दाखवणारे ॲप सुरू करावे आणि काचेत नीट पाहावे. प्रत्येक आकडा दोनदा दिसतो, एक थोडा वर आणि एक थोडा खाली. याचे कारण असे की काचेला दोन पृष्ठभाग असतात आणि दोन्ही परावर्तन करतात. प्रकाशाचा काही भाग आतल्या पृष्ठभागावरून परततो. उरलेला अपवर्तन होऊन काचेत शिरतो, बाहेरच्या पृष्ठभागावर आदळून माघारी येतो आणि पहिल्या किरणाला समांतर, पण त्यापासून थोडा सरकून बाहेर पडतो. काचेची जाडी ५ मिलिमीटर, आपतन कोन ६० अंश आणि अपवर्तनांक १.५२ धरला, तर हे सरकणे सुमारे ३.५ मिलिमीटर भरते. ९० सेंटिमीटरवर ३.५ मिलिमीटर म्हणजे सुमारे १३ कोनीय मिनिटे (एक कोनीय मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). निरोगी डोळा एका कोनीय मिनिटाचा फरक ओळखतो, त्यामुळे ही भुताटकी लपणे शक्यच नसते.

प्रतिमा अनंतावर असती, तर दोन्ही समांतर किरण डोळ्याने एकाच बिंदूवर आणले असते आणि प्रश्नच मिटला असता. मोटारीत प्रतिमा दोन-अडीच मीटरवर असते, म्हणून अभियंत्यांनी काचच बदलली. समोरची काच मुळात दोन काचांची असते आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा ०.७६ मिलिमीटर जाडीचा थर असतो. हेड-अप डिस्प्लेसाठीच्या काचेत हा थर पाचरीसारखा, वरच्या बाजूला किंचित जाड केलेला असतो. पाचरीचा कोन असतो अर्ध्या मिलिरेडियनच्या आसपास, म्हणजे एक मीटर उंचीत जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. एवढ्याने बाहेरच्या पृष्ठभागावरून येणारा किरण साधारण अडीच मिलिरेडियन वळतो, आणि काचेच्या पलीकडे साधारण दीड मीटरवर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसतात. दगड लागून अशी काच फुटली आणि तिच्या जागी साधी काच बसवली, की आकडे पुन्हा दुहेरी दिसू लागतात, ते यामुळेच. काच बदलताना हे विचारून घ्यावे.

स्वस्त पेटीबरोबर काचेवर आतून चिकटवायची एक चकचकीत फिल्म मिळते. ती आतले परावर्तन इतके प्रबळ करते की मागचे फिके पडते. युक्ती चांगली आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवण्यास मनाई केली, आणि समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार जावा असा नियमही आहे. त्यापेक्षा बलेनोप्रमाणे डॅशबोर्डवर उभी राहणारी स्वतंत्र पारदर्शक पट्टी असलेला प्रकार घ्यावा.

परावर्तनाचा आणखी एक परिणाम अनेकांना गोंधळात टाकतो. ६० अंशांच्या आपतनाला काचेचा एक पृष्ठभाग आडव्या ध्रुवणाचा, म्हणजे आडव्या दिशेत कंप पावणारा, सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवतो, तर दुसऱ्या ध्रुवणाचा एक टक्काही नाही. म्हणजे आकड्यांचा जवळजवळ सगळा प्रकाश आडव्या ध्रुवणाचा असतो, आणि पोलराइज्ड गॉगल नेमका तोच अडवतो. गॉगल घातल्यावर आकडे नाहीसे झाले, तर पेटी बिघडलेली नसते. मान कलती केली की ते परत दिसतात.

जोडणी सोपी आहे. स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट (गाडीतील बिघाड तपासण्यासाठीची जोडणी) असते. गाडीचा संगणक वेग आणि इंजिनचे फेरे तेथे सांगतो. वायर पॅडलांपाशी लोंबकळू देऊ नये आणि पेटी एअरबॅगच्या झाकणावर ठेवू नये. या सॉकेटला गाडी बंद असतानाही वीज मिळत राहते, म्हणून पेटी आपोआप बंद होते की नाही हे पहिल्याच रात्री तपासावे, नाहीतर बॅटरी उतरते. जीपीएसवर चालणाऱ्या पेटीला सॉकेट लागत नाही, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण बोगद्यात ती आंधळी होते. पेटीतला आकडा स्पीडोमीटरपेक्षा थोडा कमी दिसला तर घाबरू नये. स्पीडोमीटरने वेग कमी दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालेल, असाच आंतरराष्ट्रीय नियम आहे.

जाता जाता एक गोष्ट. डॅशबोर्डवरची चकचकीत मूर्ती आणि पांढरा रुमाल याच काचेत दिवसभर परावर्तित होत असतात आणि रस्त्यावर पांढुरका पडदा धरतात. अपघात टाळण्यासाठी म्हणून ठेवलेली वस्तू नेमकी नजरेच्या आड येते. श्रद्धेशी येथे वाद नाही, पण अपवर्तनांक कोणाची श्रद्धा पाहत नाही.

नजर रस्त्यावर राहिली की लक्षही रस्त्यावर राहते, हा जाहिरातींचा दुसरा दावा. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९८०च्या सुमारास सिम्युलेटरवर झालेल्या प्रयोगांत हेड-अप डिस्प्ले वापरणाऱ्या काही अनुभवी वैमानिकांना धावपट्टीवर आडवे आलेले विमान दिसलेच नव्हते, कारण त्यांचे लक्ष डोळ्यांसमोर तरंगणाऱ्या चिन्हांत गुंतले होते. म्हणून पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन इंजिनचे फेरे, पाण्याचे तापमान, बॅटरीचे व्होल्टेज हे सगळे बंद करावे, फक्त वेग ठेवावा, प्रतिमा बॉनेटच्या कडेच्या जरा वर आणावी आणि रात्री तिचा उजेड आकडा जेमतेम वाचता येईल इतका खाली उतरवावा.