वाहनाच्या काचेवरील उष्णतारोधक फिल्म

मोटारीच्या काचांना आतल्या बाजूने चिकटवला जाणारा पॉलिएस्टरचा पातळ थर. उन्हातली बरीचशी ऊर्जा काचेपाशीच अडवून गाडीत शिरणारी उष्णता कमी करणे हे त्याचे मुख्य काम. अशा फिल्म १९६० च्या दशकात अमेरिकेत इमारतींच्या खिडक्यांसाठी तयार झाल्या आणि पुढे मोटारींवर आल्या. विदर्भ-मराठवाड्यात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तिथे त्यांची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. समजावून सांगावे लागते ते हे, की फिल्म जितकी काळी तितकी गाडी थंड, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे.

जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यऊर्जेपैकी ढोबळमानाने निम्मी ऊर्जा अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरणांत असते, सुमारे ४५ टक्के डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात आणि उरलेली थोडी अतिनील किरणांत. साधी काच दृश्य प्रकाशाला आणि लघुलहरी अवरक्त किरणांना सहज आत येऊ देते. डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि सीट ते शोषून तापतात व स्वतः दीर्घलहरी अवरक्त किरण सोडू लागतात. त्यांना मात्र काच बाहेर जाऊ देत नाही, आणि बंद गाडीतली गरम हवाही कोंडलेलीच राहते. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांतली हवा सरासरी सुमारे ४७ अंश, स्टिअरिंग ५३ अंश आणि डॅशबोर्ड ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला आढळला. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड ४८ अंशांच्या आसपास होता.

एकूण उष्णतेचा निम्मा वाटा न दिसणाऱ्या किरणांत असल्यामुळे, जवळजवळ पारदर्शक दिसणारी फिल्मही बरीच उष्णता रोखू शकते. याउलट स्वस्तातली रंगवलेली फिल्म उजेड कमी करते, पण अवरक्त किरणांपैकी बरेचसे आत सोडते. शिवाय ती ऊर्जा परावर्तित न करता शोषते. गाडी धावत असताना वारा ही उष्णता काचेवरून बाहेर वाहून नेतो. गाडी उभी असेल तर त्या उष्णतेचा मोठा भाग आतच येतो. काही वर्षांत असा रंग उडून जांभळट होतो आणि काचेवर फोड येतात. धातूचा थर दिलेली फिल्म ऊर्जा परावर्तित करते व टिकतेही, पण रेडिओलहरींना अडथळा आणते. पुढच्या काचेवर ती असल्यास टोलनाक्यावर फास्टॅग वाचला न जाण्याची शक्यता असते. कार्बन फिल्मने ही अडचण दूर केली. सिरॅमिक फिल्ममध्ये अवरक्त किरण शोषणारे अतिसूक्ष्म ऑक्साइड-कण असतात, तर बहुस्तरीय फिल्ममध्ये प्लास्टिकचे शेकडो थर एकावर एक बसवून ठरावीक तरंगलांबीचे किरण परतवले जातात. शेवटच्या दोन्ही महाग आहेत, पण कायद्याच्या मर्यादेत राहून खरोखर उपयोगी पडतात त्या याच.

विक्रेते सहसा अवरक्त-रोधाचा आकडा पुढे करतात, उदाहरणार्थ ९० टक्के. अवरक्त किरणांत निम्मीच ऊर्जा असल्याने हा ९० टक्क्यांचा रोध एकूण उष्णतेच्या हिशेबात जास्तीत जास्त ४५ टक्के भरतो. त्यातही काही कंपन्या तो आकडा ठरावीक तरंगलांबीपुरताच मोजतात. ग्राहकाने विचारावा तो एकूण सौरऊर्जा-रोध, म्हणजे पत्रकावरचा टीएसईआर. त्यालाही निसर्गाची मर्यादा आहे. फिल्मसह काचेतून ७० टक्के दृश्य प्रकाश आत येणार असेल, तर बाकी सगळे किरण शंभर टक्के अडवले तरी ०.७० × ४५ म्हणजे सुमारे ३१ टक्के ऊर्जा आत येणारच. त्यामुळे इतक्या स्वच्छ काचेवर ८० टक्के उष्णता रोखण्याचा दावा कोणी केला, तर तो खोटा आहे.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला, की हे प्रमाण काच तयार होतानाच साधलेले असावे. वरून कोणत्याही टक्क्याची फिल्म चिकटवता येणार नाही. काळ्या काचांआड होणारे गुन्हे ही त्यामागची मुख्य चिंता होती. त्या वर्षी ४ मेपासून पोलिसांनी रस्त्यावरच फिल्म फाडून काढायला सुरुवात केली. पुढे नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सुरक्षा-काचेबरोबरच आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेल्या ‘सेफ्टी ग्लेझिंग’लाही मान्यता मिळाली. याच दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही, आणि चौकातल्या पोलिसाशी कायद्याचा अर्थ लावत बसणे सोपे नसते.

मर्यादा पाळताना एक साधा गुणाकार विसरला जातो. गाडीची हिरवट काच मुळातच समजा ७५ टक्के प्रकाश सोडत असेल, तर तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावल्यावर ५२.५ टक्केच प्रकाश आत येतो. बाजूच्या काचेला हे जेमतेम चालते, पण पुढच्या काचेला तीच फिल्म बेकायदा ठरते. तिथे फिल्मने एकटीने ९३ टक्क्यांहून अधिक प्रकाश सोडायला हवा. रात्री, पावसात समोरचा पादचारी वेळेवर दिसणे या फरकावर अवलंबून असते, म्हणून इथे तडजोड करू नये. पुढची काच दोन थरांची असते आणि मधल्या प्लास्टिकमुळे बहुतेक अतिनील किरण ती आधीच अडवते. बाजूच्या काचा सहसा साध्या टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या एकाच थराच्या असतात. त्यामुळे त्वचा आणि सीटच्या कापडासाठी फिल्मचा फायदा तिथेच जास्त.

फिल्म चढवणे हे सावकाशीचे, हातचे काम आहे. कारागीर काचेच्या बाहेरच्या बाजूवर फिल्म पसरून हीट गनने तिला काचेचा बाक देतो आणि ब्लेडने कापतो. मग आतली काच घासून धुतो, साबणाचे पाणी फवारतो, फिल्म सरकवून जागेवर आणतो आणि रबरी पट्टीने मध्यापासून कडांकडे पाणी काढतो. त्यानंतर दोन-तीन दिवस काच खाली घेऊ नये. पावसाळ्यात आणखी थांबावे. पाण्याचे बारीक बुडबुडे काही आठवड्यांत जिरतात, पण अडकलेला धूळकण कायम राहतो.

फिल्म उष्णतेचा वेग कमी करते. ती थांबवत नाही. चांगल्यात चांगली फिल्म असलेली गाडीही उन्हात उभी राहिली की जीवघेणी तापते, म्हणून तिच्यात लहान मूल किंवा पाळीव प्राणी पाच मिनिटांसाठीही ठेवू नये. उभ्या गाडीत पुढच्या काचेमागे लावलेला चंदेरी सनशेड डॅशबोर्डला फिल्मपेक्षा जास्त वाचवतो. जुनी फिल्म काढताना मागच्या काचेची विशेष काळजी घ्यावी लागते. काचेवरचे बाष्प घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक तारा काचेच्या आतल्या बाजूलाच छापलेल्या असतात आणि ब्लेडने खरवडल्या की तुटतात. वाफेने गोंद सैल करून फिल्म हळूहळू सोलणे हाच तिथला योग्य मार्ग.