नैसर्गिक कायदा आणि नैतिक स्वायत्तता (कॅथलिक नीतिशास्त्र)

ईश्वराच्या शाश्वत कायद्यात, म्हणजे तो ज्या योजनेने सारी सृष्टी चालवतो तिच्यात, बुद्धिमान प्राणी म्हणून माणसाला असलेला वाटा म्हणजे नैसर्गिक कायदा. ही व्याख्या मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ सेंट टॉमस अक्वायनस याची (सु. १२२५–१२७४), ती त्याच्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धात, प्रश्न ९१ मध्ये येते. तिच्यातला 'बुद्धिमान' हा शब्द सुटला की पुढचे सगळे बिघडते. शरीराची ठेवण पाहून तिच्यातून नियम काढायचे, असा अर्थ मग लावला जातो. पशुपक्षीही शाश्वत कायद्याखालीच असतात, पण प्रेरणेने ओढले जातात. माणूस मात्र स्वतःची आणि इतरांची तजवीज करतो, म्हणून 'कायदा' हा शब्द खऱ्या अर्थाने त्यालाच लागू पडतो.

काय करावे हे ठरवणाऱ्या, म्हणजे व्यावहारिक, बुद्धीचे पहिले सूत्र प्रश्न ९४ मध्ये आहे: चांगले ते करावे व साधावे, वाईट ते टाळावे. ते सिद्ध करता येत नाही, कारण कुठलाही व्यवहारविचार त्याच्यापासूनच सुरू होतो. जीव टिकवणे, अपत्ये वाढवणे, सत्य जाणणे, समाजात राहणे या माणसाच्या स्वाभाविक प्रवृत्ती. पण नुसती प्रवृत्ती म्हणजे आज्ञा नव्हे. बुद्धी तिच्यातले हित ओळखते, तिला मर्यादा घालते, तेव्हा नियम तयार होतो.

तपशिलात जावे तशी खात्री कमी होते. ठेव मागितली की परत करावी, हा नियम बहुतेक वेळा बरोबर. पण ठेवणारा तिच्या जोरावर स्वदेशाविरुद्ध लढू पाहत असेल, तर ती परत करणे घातक ठरते. इथे शहाणपणाची गरज लागते आणि त्याच्या तीन पायऱ्या असतात: साधकबाधक विचार, निर्णय आणि स्वतःला दिलेली आज्ञा. तिसरी सर्वांत महत्त्वाची. काय करावे हे नीट कळूनही माणूस चुकतो, तो बहुधा इथेच.

बुद्धी स्वतः आज्ञा देते, तर मग ती स्वायत्त आहे का? १७८५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने इच्छाशक्ती स्वतःच स्वतःला कायदा देते असे मांडले. १९७१ मध्ये आल्फोन्स आउअर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने 'स्वायत्त नीती'चा पुरस्कार केला. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या 'व्हेरिटाटिस स्प्लेंडॉर' (१९९३) या परिपत्रकाने रास्त स्वायत्तता मान्य केली. बुद्धी मूल्ये निर्माण करते, हे मात्र नाकारले. बुद्धीचा अधिकार खरा, पण तो ईश्वराकडून मिळालेला आहे. तत्त्वज्ञ मार्टिन ऱ्होनहायमर यांचे म्हणणे याच्याशी जुळते: व्यावहारिक बुद्धी कायदा नुसता वाचत नाही, घडवतेही. हे उत्तर पटण्यासारखे आहे, कारण त्यात बुद्धी आणि ईश्वर यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानावे लागत नाही.

सदसद्विवेकबुद्धी चुकली तरी तिच्याविरुद्ध वागणे पापच, असे अक्वायनस म्हणतो. तिच्याप्रमाणे वागल्याने माणूस निर्दोष ठरतोच असे नाही. अज्ञान त्याच्याच निष्काळजीपणाचे असेल तर दोष राहतो. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हेच सांगितले: ज्यावर इलाज नव्हता अशा अज्ञानाने सदसद्विवेकबुद्धीची प्रतिष्ठा जात नाही, पण सत्याची फिकीर न करणाऱ्याची ही बुद्धी पापाच्या सवयीने हळूहळू आंधळी होत जाते.