डायलिसिस चालू म्हणजे नुसतं पडून राहायचं?
आमच्या खानापूर-निपाणीकडं व्हॉट्सॲपवर फिरतंय, डायलिसिसच्या पेशंटनं हलायचं नाही, डाळ-अंडं बंद. काळजीपोटीच पाठवतात लोक, पण तो प्रोटीन कमी करायचा सल्ला डायलिसिस चालू व्हायच्या आधीचा, चालू झाल्यावर मशीनमधनं प्रोटीनचे घटक थोडे वाहून जातात म्हणून रोज अंगाच्या वजनाच्या किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि पडून राहिलं की मांड्या झिजतात, वजन मात्र अंगात साठलेल्या पाण्यामुळं तेवढंच दिसतं, तिथंच घरची फसतात. बघायचं कसं? हात छातीशी घेऊन खुर्चीतनं ५ वेळा उठायला सांगा, शेजारी कुणीतरी थांबा. १५ सेकंदांच्या वर लागले, किंवा बेळगावची बस दांडा ओढूनच चढावी लागत असेल, तर पुढच्या डायलिसिसला डॉक्टरना सांगा. चालायचं किती, डाळ किती (पोटॅशियम असतंय की त्यात) तेही त्यांनाच विचारून.