डेटा आणायचा कुणी आणि कधी? चार नमुना प्रकल्पांची पार्श्वभूमी

ऐरोलीतल्या आमच्या टीमने वेबसाइट बांधायच्या नेक्स्ट जेएस या फ्रेमवर्कचे चार छोटे नमुना प्रकल्प लिहायला घेतले आहेत. चारही फोल्डरांत पान एकच, ठाणे–वाशी ट्रान्स-हार्बर मार्गाचं वेळापत्रक. डेटा आणायची (‘फेच’ करायची) रीत तेवढी प्रत्येकात निराळी. ‘फेच केलं की झालं, त्यात दाखवायचं काय?’ असं नव्याने रुजू झालेली मुलं विचारतात. त्यांच्यासाठी हे टिपण.

एकेकाळी त्यात दाखवण्यासारखं खरंच काही नव्हतं. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेच्या जमान्यात सर्व्हर डेटाबेसला विचारायचा, एचटीएमएल तयार करायचा आणि अख्खं पान ब्राउझरकडे धाडायचा. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट आलं आणि पान तसंच ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी बोलता येऊ लागलं. त्याची ताकद लोकांना कळली ती जीमेल आणि गूगल मॅप्स वापरायला लागल्यावर. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिलं.

पुढे फ्रेमवर्कांचं पेव फुटलं. त्यांची तुलना करता यावी म्हणून टुडूएमव्हीसी निघालं: कामांची तीच यादी, प्रत्येक फ्रेमवर्कात लिहिलेली. कल्पना झकास होती. पण ती यादी ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्येच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या साठ्यातच राहायची. नेटवर्कच नाही म्हटल्यावर उशीर नाही, फसलेली रिक्वेस्ट नाही, ‘लोड होत आहे’ म्हणत फिरणारं चक्र नाही. सगळ्यात चिवट प्रश्न वगळलेल्या अशा नमुन्यांवरून लोक फ्रेमवर्क निवडत होते, आणि पुढच्या गोंधळाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

२०१३ मध्ये नेक्स्टचा पाया असलेलं रिअ‍ॅक्ट सगळ्यांसाठी खुलं झालं. डेटा कुठून, कधी आणायचा हे ते सांगतच नव्हतं. कॉम्पोनेंट (पानाचा एक तुकडा) पडद्यावर आला की फेच करायचं, हा रिवाज लोकांनीच पाडला. २०१९ मध्ये हुक्स (कॉम्पोनेंटमध्ये वापरायची तयार फंक्शनं) आल्यावर तोच त्यांतल्या युजइफेक्टमध्ये, म्हणजे कॉम्पोनेंट पडद्यावर आल्यावर चालणाऱ्या हुकमध्ये शिरला. आमच्या पहिल्या फोल्डरात त्याचा परिणाम दिसतो. स्थानकांचा कॉम्पोनेंट, त्याच्या आत गाड्यांचा, त्याच्या आत फलाटांचा. वरचा आपला डेटा येईपर्यंत आतल्याला पडद्यावर येऊच देत नाही. प्रत्येक रिक्वेस्टला ३०० मिलिसेकंद धरले तर तिसरीचं उत्तर ९०० नंतर हाती लागतं. खरं तर तिन्ही रिक्वेस्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. एकदम सोडल्या तर ३०० मध्ये काम होतं. एकामागून एक खोळंबणाऱ्या रिक्वेस्टींच्या रांगेला वॉटरफॉल म्हणतात, आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडल्याशिवाय तो कळत नाही. २०१९ च्या अखेरीस रिअ‍ॅक्टच्या प्रायोगिक डॉक्समध्ये तीन रीती शेजारी शेजारी मांडल्या गेल्या: आधी रेंडर (पान पडद्यावर मांडणं) मग फेच, आधी फेच मग रेंडर, आणि फेच सुरू करून लगेच रेंडर. आमचे फोल्डर त्याच मांडणीवरून सुचले.

नेक्स्टने २०१६ मध्ये गेटइनिशियलप्रॉप्स हे पानाला लागणारा डेटा आणणारं फंक्शन आणलं. पहिल्या भेटीत ते सर्व्हरवर चालतं, नंतर लिंकवरून पान बदललं की ब्राउझरमध्ये. एकच फंक्शन दोन ठिकाणी चालतं म्हटल्यावर भलेभले त्यात अडखळले. २०२० मध्ये ९.३ आवृत्तीत बिल्डच्या वेळचं (पानं आधीच तयार करून ठेवतानाचं) आणि दर रिक्वेस्टचं काम वेगळं केलं गेलं. २०२२ मध्ये १३ व्या आवृत्तीत सर्व्हर कॉम्पोनेंट (सर्व्हरवरच तयार होणारे तुकडे) आले, तेव्हा फेचचं उत्तर आपोआप कॅश होत असे, म्हणजे साठवून पुन्हा वापरलं जात असे; २०२४ मध्ये १५ व्या आवृत्तीने ते बंद केलं. कोडची एक ओळ न बदलता वागणं बदलतं, म्हणून प्रत्येक फोल्डरात आवृत्तीचा नेमका आकडा पक्का केला आहे. ‘लेटेस्ट’ लिहिलेले नमुने वर्षभरात खोटं बोलायला लागतात.

आणखी एक अडचण अगदी इथली. ऐरोली, रबाळे, महापे हा डेटा सेंटरांचा पट्टा. सर्व्हर हाकेच्या अंतरावर असला की चारही पानं झटकन उघडतात आणि फरक काहीच दिसत नाही. मुरबाड-शहापूरकडे फोनवर रेंज शोधणाऱ्याला मात्र तो पुरेपूर जाणवतो. म्हणून डेटा पुरवणाऱ्या एपीआयमध्ये मुद्दाम उशीर घातला आहे, शिवाय ब्राउझरचा वेग कमी करून चाचणी कशी घ्यायची तेही रीडमीत लिहिलं आहे.

गेटइनिशियलप्रॉप्सचा फोल्डर ठेवावा का, यावर आमच्यात बराच वाद झाला. नव्या कामात ते कुणी वापरू नये, हे सगळ्यांनाच मान्य आहे. पण देखभालीला येणाऱ्या जुन्या कोडमध्ये ते अजून सर्रास सापडतं, त्यामुळे तो फोल्डर राहिला.