बाळंतिणीची ब्रा आणि नंबराचा घोळ : एक पार्श्वभूमी

धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटमध्ये दूध पाजण्याची ब्रा मागितली तर ती आता मिळते. परंतु छाती भरलेली आणि पैसे बेताचे असतील, तर दुकानदार बहुधा एकच तोडगा काढतो आणि वरच्या नंबरची ब्रा पुढे करतो. गिऱ्हाईक असलेल्या बाईचा ‘मोठा नंबर शे का?’ (मोठा नंबर आहे का?) हा अहिराणी प्रश्नही तेच गृहीत धरून विचारलेला असतो. मोठी छाती म्हणजे मोठा नंबर ही समजूत कशी रुजली, हे पाहिल्याशिवाय आजची अडचण नीट कळत नाही.

तयार कपडे येण्यापूर्वी नंबर ही गोष्टच नव्हती. लुगड्यावर घातली जाणारी खणाची चोळी त्या बाईच्या अंगावर बेतलेली असे आणि ती समोर गाठ मारून घट्ट केली जाई. छातीच्या खाली आवळलेली ही गाठ भार पेलत असे, ती सोडली की मूल पाजता येई, आणि दूध उतरल्यावर छाती दाटली तर तीच गाठ जरा सैल बांधता येई. आज पाजण्याच्या ब्राकडून ज्या तीन गोष्टींची अपेक्षा असते, त्या तिन्ही या साध्या कपड्यात काही प्रमाणात होत्या. अर्थात त्या चोळीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. खण ताणला जात नाही, त्यामुळे जड छातीच्या बाईला ती काखेत आणि दंडात काचत असे, आणि खानदेशातल्या वैशाखात घामाने भिजलेली घट्ट चोळी बाळंतिणीला किती सोसवत असेल, याची कल्पना करता येते. पुढे हुकांचे ब्लाउज आले आणि शिंप्यांनी कटोरी ब्लाउज शिवायला घेतले. त्यातली कटोरी म्हणजे छातीच्या गोलाईसाठी स्वतंत्र बेतून जोडलेला तुकडा. छातीचा घेर आणि तिची गोलाई ही दोन वेगळी मापे आहेत, हे आपल्या शिंप्याला चांगले ठाऊक होते. ब्लाउजच्या आत घालण्याची ‘बॉडी’, म्हणजे ब्रा, मात्र दुकानातून तयार आली आणि गोलाईचे माप तिथेच हरवले.

ते माप मुळात होते, हे पाश्चात्त्य बाजाराच्या इतिहासावरून दिसते. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब यांना १९१४ साली ब्रासिएरचे पेटंट मिळाले. तो कपडा मऊ आणि हलका होता, पण जड छातीला आधार देण्याइतका भक्कम नव्हता. त्यानंतर ‘मेडन फॉर्म’ या कंपनीचे विल्यम रोझेन्थाल यांनी १९२७ साली पाजणाऱ्या आणि भरलेल्या छातीच्या स्त्रियांसाठीच्या ब्रांच्या पेटंटसाठी अर्ज केले. या दोन्ही गरजा एकाच वेळी, एकाच माणसाच्या ध्यानात आल्या होत्या, ही बाब मला महत्त्वाची वाटते. कारण आपल्याकडे त्या दोन निरनिराळ्या बायकांच्या गरजा असल्यासारख्या हाताळल्या जातात, आणि पाजण्याची ब्रा लहान कपात तर मोठ्या कपाची ब्रा न पाजणाऱ्या बाईसाठी शिवली जाते. १९३२ मध्ये ‘एस. एच. कॅम्प’ कंपनीने स्तनांच्या आकाराला ए ते डी अशी अक्षरे दिली आणि १९३७ मध्ये ‘वॉर्नर’ कंपनीने कपाची, म्हणजे गोलाईची, मापे आपल्या मालात आणली. अक्षरमाला डीपाशी थांबली, त्यामुळे डी म्हणजे आकाराची शेवटची पायरी असा समज पसरला. वास्तविक छातीखालचा घेर आणि छातीवरचा घेर यांत चार इंचांचा फरक असला की डी होते, आणि तेवढा फरक असणे काही जगावेगळे नाही.

आपल्या बाजारात माल आला तो मुख्यतः आकड्याने, म्हणजे छातीखालच्या घेराच्या मापाने, आणि अक्षर बरेचदा बी याच एका ठिकाणी अडलेले. आठवडे बाजारातल्या किंवा तालुक्याच्या कटलरी दुकानातल्या व्यापाऱ्याला प्रत्येक आकड्यात चार-पाच कप आणि त्यात पुन्हा रंग ठेवणे परवडत नाही. अडकलेल्या भांडवलाचा हिशेब त्याच्या बाजूने बरोबरच असतो. पण त्याचा परिणाम पाहा. एखाद्या बाईचा छातीखालचा घेर ३४ इंच आणि छातीवरचा ३९ इंच असेल, तर फरक पाच इंचांचा होतो आणि तिला ३४ डीडी, म्हणजे डीच्या पुढच्या कपाची, ब्रा हवी असते. तेवढ्याच जागेचा कप ३६ डी, ३८ सी आणि ४० बी या मापांतही असतो, म्हणून दुकानात तिला ४० नंबर मिळतो. कप बसतो, पण पट्टा सहा इंचांनी मोठा होतो. ब्रामध्ये मुख्य भार पेलायचा असतो तो छातीखालच्या पट्ट्याने. तोच सैल असला की पाठीकडून वर चढतो, सगळे ओझे खांद्यावरच्या पट्ट्यांवर येते आणि खांद्यांवर वळ उठतात. उलट घट्ट कप घातला आणि छाती सतत दाबली गेली, तर दूध तुंबून गाठी होण्याचा धोका असतो.

बाळंतिणीच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, त्यामुळे खरेदी तिची आई किंवा वहिनी करते, तीही लग्नातल्या जुन्या नंबरावरून. गरोदरपणात छाती एकदा वाढलेली असते, आणि प्रसूतीनंतर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध भरून आले की ती पुन्हा वाढते. डिंकाचे लाडू, पोटाचा पट्टा, बाळाची झबली यांची तयारी महिनाभर आधीपासून चाललेली असते. इंचपट्टी घेऊन लेकीचे माप मात्र कोणी घेत नाही.

अशा ब्रा महाग पडण्याचे कारण शिलाईत आहे. पाजण्याच्या ब्रामध्ये कप खाली सोडण्याची क्लिप लागते आणि कप सोडला तरी आधार राहावा म्हणून आत दुसरी चौकट शिवावी लागते. जड छातीसाठी त्यात रुंद पट्टे, बाजूला न ताणणारे कापड आणि मागे हुकांच्या तीन-चार ओळी यांची भर पडते. खानदेशात कापूस मुबलक पिकतो, होजिअरीचा माल मात्र तिरुपूर, उल्हासनगराहून येतो. ‘झिवामे’सारखी दुकाने २०११ पासून इंटरनेटवर निघाली आणि डीच्या पुढची अक्षरे शहाद्या-चोपड्यातही पार्सलने पोहोचू लागली, परंतु या दुकानांतल्या पाजण्याच्या ब्रांमध्येही मोठा कप कमी आणि महाग असतो. म्हणून अनेकजणी मोठ्या कपाची साधी सुती ब्रा घेऊन शिंपिणीकडून तिला क्लिपा लावून घेतात आणि मागचा घेर कमी पडला, तर कटलरीत मिळणारी हुकांची जोडपट्टी लावतात.