पाण्याचा ओलेपणा (वाद)

पाणी इतरांना ओले करते, पण ते स्वतः ओले असते काय, असा एक खेळकर वाद.

'नाही' म्हणणारे पृष्ठविज्ञानाकडे बोट दाखवतात. तेथे ओले होणे म्हणजे द्रवाने घन पृष्ठाला धरून पसरणे. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंगने १८०५ मध्ये मांडलेल्या स्पर्शकोनावरून, म्हणजे थेंबाची कड पृष्ठाशी जो कोन करते त्यावरून, ते ठरते. स्वच्छ काचेवर पाण्याचा हा कोन शून्याजवळ, मेणावर १००° हून जास्त, कमळाच्या पानावर १५०° च्याही वर. म्हणजे ओलेपणा द्रव आणि पृष्ठ या दोघांच्या संबंधात असतो. 'होय' म्हणणाऱ्यांचे उत्तर : पाण्याचा प्रत्येक रेणू इतर रेणूंना चिकटलेलाच असतो.

न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्रात, प्रश्न जुनाच आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या त्यावरील ग्रंथात द्रवत्व (वाहण्याचा गुण) वेगळे आणि 'स्नेह' वेगळा. द्रवत्व वितळलेल्या तुपातही असते; पिठाचा गोळा बांधणारा स्नेह मात्र फक्त पाण्यात. कणीक मळणाऱ्याला हे पटावे. तेल पाणी नसूनही स्निग्ध असते, ही अडचण नैयायिकांनी (न्यायशास्त्राच्या पंडितांनी) तेलात पाण्याचा अंश मानून सोडवली, ती सोडवणूक ओढूनताणून वाटते. 

अन्नंभट्टाने पाण्याचे लक्षण 'शीत स्पर्श' असे दिले, ते वेगळ्या अर्थाने मार्मिक ठरते. माणसाच्या त्वचेत ओलेपणा टिपणारे स्वतंत्र संवेदनग्राहक नाहीत. गारवा आणि स्पर्श यांवरून मेंदू तो ताडतो. हिवाळ्यात दोरीवरचे कपडे वाळले की नाही हे हाताला चटकन कळत नाही, ते यामुळेच.

घरी मराठी आणि दारात गुजराती बोलणाऱ्या बडोदेकरापुढे आणखी एक पेच. मराठीत कपडे ओले, खोबरे ओले, दुष्काळही ओला. गुजरातीत कपडे 'भीनां', पण खोबरे 'लीलुं' आणि दुष्काळ 'लीलो'. हिरव्यालाही तोच शब्द. पाणी 'लीलुं' म्हटले तर शेवाळच आठवेल. मराठीचा कौल बहुधा 'नाही'कडे झुकतो : नदीत उभ्या असलेल्याला कोणी ओलेता म्हणत नाही, घाट चढून आल्यावर म्हणतात. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून हेच मगरीबद्दल विचारता येते. ओली कोणती, काठावर नुकतीच येऊन पडलेली, की पाण्यात जिच्या नाकपुड्या तेवढ्या दिसतात ती?