कट्टी, बट्टी आणि आखूड शेपटीची माकडं

परवा इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ दोन पोरांची जुंपली. पहिल्याच बॉलला आउट झालेला ओरडत होता, ‘ट्रायल बॉल होता!’ आणि बॅट सोडत नव्हता. दोघांच्या आया धावल्या, ‘आधी सॉरी म्हण’ झालं आणि पोरं दोन दिशांना ओढून नेली. मोठ्यांना वाटलं, भांडण मिटलं. माझ्या मते ते अर्ध्यावरच तोडलं.

भांडणानंतरची काही मिनिटं फार मोलाची असतात. 1979 मध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींवर निबंध लिहिला. भांडलेले चिंपांझी थोड्याच वेळात एकमेकांकडे येतात, मुके घेतात. पुढे माकडांच्या अभ्यासात दिसलं, की भांडणानंतर माकड स्वतःचं अंग जास्त खाजवू लागतं. हे तणावाचं लक्षण. समेट झाला की खाजवणं लवकर कमी होतं. म्हणजे समेटाने शरीरावरचा ताणही उतरतो.

मला सर्वांत भावतो तो 1993 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. ऱ्हीसस माकडं भांडखोर, समेट क्वचितच करणारी. आपल्या ईशान्य भारतातही आढळणारी आखूड शेपटीची माकडं मात्र पटकन जुळवून घेतात. भांडणानंतर एक पाठमोरं होतं, दुसरं त्याची कंबर धरतं. द वाल आणि जोहानोविच यांनी ऱ्हीससची पिल्लं या माकडांच्या पिल्लांसोबत 5 महिने ठेवली. ऱ्हीससमध्ये समेट वाढत गेला. सोबती काढून घेतल्यावरही सवय टिकली! जन्मजात भांडखोर म्हणावं अशी जात, संगतीने बदलली.

म्हणून ‘मुलाचा मंगळ कडक आहे, शांती करून घ्या’ हा सल्ला मला घातक वाटतो. त्याने मूल काही शिकत नाही, त्याच्यावर शिक्का तेवढा बसतो.

शिकवायचं ते असं: हात उगारणं आणि गिळून गप्प बसणं, या दोहोंच्या मध्ये ‘माझी पाळी आहे, बॅट दे, पुढची तुझी’ असं ठामपणे सांगणं असतं. करंगळीने कट्टी घेऊन तासाभरात बट्टी करणाऱ्या मुलांना समेट येतोच. त्यांना तेवढा वेळ द्या. हाणामारी झाली तर अर्थातच मध्ये पडा.

आणि घरात? आईबाबांचं भांडण मुलांना ऐकू येतं, समेट बंद दाराआड होतो. मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांच्या अभ्यासांत, मोठ्यांचं भांडण मिटलेलं ज्या मुलांनी पाहिलं, ती न मिटलेलं पाहणाऱ्यांपेक्षा कमी अस्वस्थ झाली.